लाल मातीत तूर तगते, हरभरा का पिवळा पडतो?

वाचकांचे प्रश्न : कडधान्यं आणि हलक्या जमिनी

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न लाल, मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीतल्या कडधान्यांबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. खतांचे आकडे एकरी धरावेत; जिथे हेक्टरी आहेत तिथे तसं लिहिलं आहे.

प्रश्न : आमचं रान बीदरजवळ आहे. अर्धं लाल जांभ्याचं, अर्धं काळं. लाल रानात तुरीला कधी खत घातलं नाही, तरी ती बऱ्यापैकी येते. त्याच रानात ज्वारी खुजी राहते आणि हरभरा फुलोऱ्याआधीच पिवळा पडतो. काळ्या रानात हरभरा जोरात असतो. माती तपासणीत स्फुरद (फॉस्फरस) दोन्हीकडे 'कमी'च दाखवलाय. मग हा फरक कशाचा? आणि तुरीला खत द्यायचंच नाही का?

उत्तर : कागदावर दोन्हीकडे 'कमी' असलं तरी स्फुरद दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टींना बांधलेला आहे. लाल मातीत तो लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतो, काळ्या मातीत चुन्याला, म्हणजे कॅल्शियमला. एकूण साठा दोन्हीकडे असतो. पाण्यात विरघळून मुळापर्यंत येईल असा अंश मात्र फार थोडा असतो, आणि तपासणीत तोच मोजला जातो.

तुरीचं मूळ लोहाला बांधलेल्या स्फुरदावर काम करतं. मुळातून पिसिडिक आम्ल आणि त्याच्या जवळची काही आम्लं पाझरतात. ती लोहाला पकडतात आणि स्फुरद सुटा होतो. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत नोरिहारू आए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. १९९० साली ते प्रसिद्ध झालं. स्फुरद न घातलेल्या लाल मातीत ज्वारी, बाजरी, मका, सोयाबीन यांची वाढ थांबली आणि तूर वाढत राहिली, असं त्यांना दिसलं. बीदरच्या लाल रानात तुम्ही जे पाहता ते हेच.

हरभऱ्याची मुळं मुख्यतः सायट्रिक आणि मॅलोनिक आम्ल सोडतात. ही आम्लं चुन्याला बांधलेला स्फुरद विरघळवण्यात चांगली आहेत, म्हणून काळ्या रानात हरभऱ्याचं भागतं. लाल रानात त्याला आणखी एक अडचण असते आणि आमच्या मते ती जास्त मोठी आहे : ओल. हरभरा रब्बीत साठलेल्या ओलीवर येतो आणि जांभ्याची माती ती ओल धरून ठेवत नाही. वरचा थर सुकला की त्यात स्फुरद असून नसल्यासारखा होतो, कारण तो मुळापर्यंत पाण्यातूनच येतो. लाल रानात हरभरा घ्यायचाच असेल तर एक संरक्षित पाणी, म्हणजे ओल संपताना द्यायची एक पाळी, हाताशी हवं. नाहीतर ते रान तूर, कुळीथ, मटकीला ठेवा.

आता खताचं. तूर जमिनीत नवा स्फुरद तयार करत नाही, पुरलेला उकरून काढते. एक क्विंटल तुरीच्या दाण्यांबरोबर पाऊण किलोच्या आसपास स्फुरद रानाबाहेर जातो. तुराट्या चुलीला गेल्या तर आणखी थोडा जातो. गळलेली पानं रानातच राहतात हे चांगलंच, पण ती भरपाई पुरी नाही. शिवाय पहिले ४०-४५ दिवस तूर फार हळू वाढते. मूळ पसरून आम्लाचं काम सुरू होईपर्यंत तिला वरून थोडा आधार लागतो. म्हणून खत द्या, पण योग्य जागी द्या.

शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र (नायट्रोजन) आणि ५० किलो स्फुरदाची आहे. एकरी हिशोबाने सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो आणि युरिया २२ किलो होतो. एकरी एक गोणी डीएपीनेही (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत) हे जवळपास भागतं, पण सुपर फॉस्फेटमधून गंधक आणि कॅल्शियम फुकट मिळतात आणि लाल मातीत दोन्ही कमी असतात. म्हणून लाल रानाला आम्ही सुपर फॉस्फेटच सुचवतो. ते फेकून देऊ नका. फेकलेल्या खताचा प्रत्येक कण मातीच्या लोहाला भेटतो आणि काही आठवड्यांत अडकतो. दोन चाड्याच्या पाभरीने बियाच्या खाली आणि जरा बाजूला, दोन-तीन बोटं अंतरावर पडू द्या. चाळलेलं शेणखत दोन-तीन क्विंटल मिळालं तर सुपर फॉस्फेट त्यात मिसळून ओळीत द्या. सेंद्रिय पदार्थ लोहाच्या जागा अडवून धरतात आणि स्फुरद जास्त दिवस मोकळा राहतो.

पुढच्या हंगामात त्याच लाल रानात ज्वारी घ्या. तुरीच्या गळलेल्या पानांतून आणि कुजलेल्या मुळांतून थोडा स्फुरद आणि नत्र ज्वारीला मिळतं. इक्रिसॅटच्या चाचण्यांत तुरीनंतरच्या पिकाला हेक्टरी ४० किलोच्या आसपास नत्र दिल्याइतका फायदा दिसला होता.

प्रश्न : पाथर्डी भागात मुरमाड जमीन आहे, माती जेमतेम दीड फूट. गावठी तूर ठेवावी की नवं वाण घ्यावं? कमी खतावर येणारं वाण म्हणून वेगळं काही मिळतं का?

उत्तर : दीड फूट मातीत सगळ्यात आधी दिवस मोजा. मुरमाड रानातली ओल पाऊस थांबल्यावर लवकर संपते. १८० दिवसांची गावठी तूर शेंगा भरायला लागते तेव्हा खाली काही उरलेलं नसतं. झाड मोठं दिसतं, दाणा पोचट राहतो. अशा जागी १५० ते १५५ दिवसांचं बीडीएन ७११ बरं. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं हे पांढऱ्या दाण्याचं वाण मर आणि वांझ रोगालाही बऱ्यापैकी तोंड देतं. बीएसएमआर ७३६ किंवा आशा, म्हणजे आयसीपीएल ८७११९, ही उशिरा येणारी वाणं खोल काळ्या रानासाठी ठेवा.

'कमी खतावर येणारं' असा शिक्का पिशवीवर मिळत नाही. वाणांच्या चाचण्या बहुतेक वेळा शिफारशीचं खत घातलेल्या तुकड्यांवर होतात, त्यामुळे उपाशी जमिनीत कोण टिकेल ते पिशवीवरच्या उताऱ्यावरून कळत नाही. वाणावाणांत फरक मात्र असतो, आणि तो आपल्या रानात पाहता येतो.

दोन किंवा तीन वाणं घ्या. प्रत्येकाच्या सहा ओळी शेजारी शेजारी पेरा. रानाच्या अर्ध्या लांबीत सुपर फॉस्फेट द्या, अर्ध्या लांबीत देऊ नका. युरिया आणि जिवाणू संवर्धन (बियाण्याला लावायचं, मुळांवर गाठी आणणाऱ्या जिवाणूंचं पाकीट) दोन्हीकडे सारखं. सुपर फॉस्फेटमधलं गंधकही फरक पाडतं, म्हणून बिनखताच्या अर्ध्यात गंधकासाठी थोडं जिप्सम टाका. काढणीला कडेच्या ओळी सोडून मधल्या चार ओळींचाच दाणा वजन करा. खताशिवाय सगळ्यात जास्त दाणा देणारं वाण तुमच्या रानाचं. खत-बिनखत यांतल्या फरकाच्या टक्केवारीवर निवड करू नका, कारण मुळातच कमी उत्पन्नाच्या वाणात हा फरक नेहमी लहान दिसतो आणि फसवतो. एका वर्षाच्या पावसावर निकाल ठरवू नका, दुसऱ्या वर्षी पुन्हा पाहा.

बियाणं घरचं ठेवत असाल तर ते चांगलं खत मिळालेल्या तुकड्यातलं आणि टपोरं ठेवा. उगवल्यानंतरचे पहिले आठवडे रोप दाण्यातल्याच स्फुरदावर जगतं. उपाशी झाडाच्या बारीक दाण्यात तो साठा कमी असतो, आणि असं रोप सुरुवातीपासून मागे पडतं.

प्रश्न : सावंतवाडी तालुक्यात भात कापल्यावर कुळीथ, चवळी, वाल घेतो. भाताला दरवर्षी खत असतं, तरी चवळी लहान राहते, पानं बारीक आणि गर्द हिरवी. चुना घालावा का? रॉक फॉस्फेट चालेल का?

उत्तर : बारीक, गर्द हिरवी, कधी जांभळट झाक असलेली पानं आणि खुजं झाड हे स्फुरदाच्या उपासमारीचं चित्र आहे. नत्र कमी असतं तर खालची पानं फिकट पिवळी झाली असती.

भाताला खत घालूनही असं होतं, त्याला खाचराची रीत कारण आहे. खाचरात पाणी उभं असताना मातीतला प्राणवायू संपतो, लोहाचं रूप बदलतं आणि त्याला धरलेला स्फुरद सुटतो. म्हणून भाताला तो मिळतो. पाणी ओसरून रान वाळलं, हवा आत गेली की लोह पुन्हा गंजतं आणि ताज्या गंजाचे हे कण स्फुरद आधीपेक्षाही घट्ट धरतात. चवळी पेरायची वेळ नेमकी तीच. त्यामुळे 'भाताचं खत शिल्लक असेल' हा हिशोब जांभ्याच्या खाचरात चुकतो. चवळी-वालाला पेरणीच्या ओळीत सुपर फॉस्फेट वेगळं द्या; थोडं दिलं तरी चालेल, पण बियाजवळ.

चुन्याआधी सामू, म्हणजे मातीचा पीएच, पाहा. कोकणात बऱ्याच जमिनींचा सामू साडेपाच ते साडेसहा असतो आणि तिथे कडधान्यांना चुन्याची निकड नसते. साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची टोकं आखूड, जाड, तपकिरी होतात. रोप उपटून मूळ धुऊन पाहिलं तर हे डोळ्यांना दिसतं. अशा रानात बारीक दळलेला कृषी चुना एकरी एक ते दोन क्विंटल ओळीत, पेरणीच्या दोन आठवडे आधी, ओल असताना द्या. सुपर फॉस्फेट आणि चुना एकत्र कालवू नका. चुना भसाभस ओतला तर जस्त आणि लोह अडतं, आणि नवीनच दुखणं मागे लागतं.

रॉक फॉस्फेट आम्ल मातीतच विरघळतं, तेही सावकाश. तीन महिन्यांच्या चवळीला त्याचा उपयोग थोडा. द्यायचंच तर बारीक पूड पावसाळ्याच्या तोंडावर भातालाच द्या, आणि जिथे चुना टाकला तिथे देऊ नका. सामू वाढला की ते तसंच पडून राहतं.

दोन गोष्टी जाता जाता. आम्ल मातीत बाकीची बरीच सूक्ष्म अन्नद्रव्यं सुटी होतात, मॉलिब्डेनम मात्र अडतं, आणि गाठींतल्या जिवाणूंना नत्र बांधायला तेच लागतं. किलोभर बियाण्याला एक ग्रॅम अमोनियम मॉलिब्डेट लावलं तर पुरतं. दुसरं, प्रयोगशाळेत देताना 'आम्ल माती आहे, ब्रे पद्धतीने स्फुरद काढा' असं सांगा. ओल्सेनची पद्धत उदासीन आणि चुनखडीच्या मातीसाठी आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची दापोली कुळीथ १, कोकण वाल १, कोकण सदाबहार चवळी ही वाणं याच मातीत वाढवून निवडलेली आहेत. लांबून आणलेल्या बियाण्याआधी ती लावून पाहा.

प्रश्न : जिवाणू संवर्धन लावूनही तुरीच्या मुळांवर गाठी दिसत नाहीत. काही ठिकाणी आहेत त्या पांढऱ्या. पाकीट खोटं होतं का? (हा प्रश्न चार जिल्ह्यांतून आला.)

उत्तर : आधी पाहण्याची रीत. तूर उपटू नका. तिच्या गाठी बारीक मुळांवर असतात आणि ओढताना मातीतच तुटून राहतात. पेरणीनंतर ४० दिवसांच्या सुमारास कुदळीने वीतभर खोल ढेकूळ काढा, बादलीत भिजवा, माती आपोआप सुटू द्या. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. हिरवट-तपकिरी असेल तर म्हातारी झाली. पांढरी असेल तर एकतर कोवळी आहे, नाहीतर जिवाणू निकामी. काळ्या रानात पोकळ, भोक पडलेल्या गाठी सापडल्या तर तो रिव्हेलिया माशीच्या अळीचा उद्योग असतो. पाकिटाचा दोष नाही.

गाठी खरंच नसतील तर कारणं साधारण या क्रमाने शोधा.

स्फुरद नसणं हे पहिलं, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष यावरच होतं. हवेतलं नत्र बांधायला जिवाणूंना प्रचंड ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा स्फुरदावाचून फिरत नाही. उपाशी मुळावर कितीही चांगलं संवर्धन लावा, गाठी मोहरीएवढ्याच राहणार. त्यानंतर युरियाचा अतिरेक : मातीत तयार नत्र भरपूर असेल तर झाड गाठी पोसत नाही. मग पाणी साचणं. गाठींना हवा लागते; दोन-तीन दिवस तळं झालं की त्या कुजतात. भारी रानात रुंद वरंबा सरीवर पेरा.

पाकिटाचा दोष असू शकतो, तो बहुधा साठवणीचा. जिवाणू जिवंत असतात. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात ठेवलेलं पाकीट तारखेत असूनही मेलेलं असू शकतं. गटही बघा. तूर, मूग, उडीद, चवळी, कुळीथ, भुईमूग हा एक गट. सोयाबीनचं वेगळं, हरभऱ्याचं वेगळं, घेवड्याचं वेगळं. सोयाबीनचं उरलेलं पाकीट तुरीला वापरणं म्हणजे काहीच न लावणं.

लावायची पद्धत : दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (गाठींतले जिवाणू) आणि २५० ग्रॅम स्फुरद विरघळवणारं संवर्धन. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. गरम द्रावणात जिवाणू मरतात. बी ओलसर होईल एवढंच द्रावण वापरा, अर्धा लिटर पुरतं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावून वाळू द्या, संवर्धन शेवटी, पेरणीच्या तासाभर आधी. सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा. भुईमूग-सोयाबीनचं बी चोळू नका. साल निघते आणि उगवण जाते. ताडपत्रीवर पसरून द्रावण शिंपडा आणि ताडपत्रीची टोकं उचलून बी घोळवा. लावलेलं बी रासायनिक खतात मिसळून एकाच चाड्यातून सोडलं तर सगळी मेहनत वाया जाते, आणि हे फार ठिकाणी होतं.

प्रश्न : गडहिंग्लजच्या लाल रानात भुईमुगाचा वेल छान, पण शेंगा अर्ध्या रिकाम्या. आमच्या पाहुण्यांकडे चुनखडी रानात वेलच पिवळा पडतो. दोघांनी एकच खत टाकलंय.

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत.

तुमच्याकडे कॅल्शियम कमी पडतंय. भुईमुगाची शेंग तिला लागणारं कॅल्शियम भोवतालच्या मातीतून थेट शोषते. मुळाकडून तिला ते मिळत नाही, कारण कॅल्शियम पानाकडे जातं, परत खाली येत नाही. म्हणून वेल हिरवागार आणि शेंग पोकळ. जिप्सम एकरी ८० किलो पेरणीला आणि ८० किलो आऱ्या (फुलातून जमिनीत शिरून शेंग होणारे देठ) सुटताना, झाडाच्या बुडाशी, खुरपणीबरोबर द्या. मोठ्या दाण्याच्या वाणाला गरज जास्त असते. पालाश (पोटॅश) शेंगांच्या थरात जास्त पडला तर तो कॅल्शियमला अडवतो, तेव्हा पोटॅशची मूठ सैल सोडू नका. स्फुरदाच्या बाबतीत मात्र भुईमूग लाल मातीचाच गडी आहे : त्याच्या मुळाचा पृष्ठभाग लोहाला चिकटलेला स्फुरद नुसत्या स्पर्शानेही सोडवू शकतो.

पाहुण्यांकडे लोह अडलंय. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, बरोबर? दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. जमिनीतून फेरस सल्फेट दिलं तर चुनखडीत ते दोन दिवसांत निकामी होतं. पाण्याच्या पाळ्या जवळजवळ देऊ नका. जास्त ओलीत ही पिवळी वाढते. दरवर्षीच होत असेल तर आयसीजीव्ही ८६०३१ सारखं, लोहाची कमतरता सोसणारं वाण शोधा.

प्रश्न : कोरेगावचा वाघ्या घेवडा. कडधान्य असून त्याला नत्र का लागतं?

उत्तर : घेवडा-राजमा गाठींच्या बाबतीत आळशी आहे. गाठी उशिरा येतात, थोड्या येतात, आणि पीक ७५-८० दिवसांत संपतं; गाठी कामाला लागेपर्यंत फुलं आलेली असतात. उत्तर भारतात रब्बी राजम्याला हेक्टरी ९० ते १२० किलो नत्र देतात. खरिपातल्या घेवड्याला एवढं लागत नाही, पण तुरीच्या मापाने दिलेल्या नत्रावर त्याचं भागत नाही. अंदाज घ्यायचा सोपा मार्ग : २५ दिवसांनी पाच ओळींना एकरी २० किलोच्या हिशोबाने युरिया द्या. आठ-दहा दिवसांत त्या ओळी शेजारच्यांपेक्षा गर्द झाल्या तर बाकीच्या रानालाही हप्ता द्या.

घेवड्याच्या वाणांत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे मुळांचा कोन. कोलंबियातल्या सिआट या शेती संशोधन संस्थेत आणि अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात जोनाथन लिंच यांच्या गटाने दाखवलंय की ज्या घेवड्याची बुडाची मुळं आडवी, उथळ पसरतात आणि ज्यांचे मूलरोम (मुळांवरची केसांसारखी लव) लांब-दाट असतात ती स्फुरद कमी असलेल्या मातीत पुढे राहतात. स्फुरद मातीत हलत नाही, वरच्या चार-सहा बोटांतच असतो, म्हणून. अडचण एवढीच की ओल खाली असते. ऑगस्टमध्ये उघडीप पडली की उथळ मुळाचं झाड आधी कोमेजतं. तुमच्या रानात फुलोऱ्यात दहा झाडं फावड्याने काढून, मुळं धुऊन पाहा. आडव्या आणि खोल अशा दोन्ही मुळांचं झाड दिसलं तर त्याला खूण करा आणि बी त्याचं ठेवा.

प्रश्न : सोयाबीन जमिनीत नत्र सोडतं म्हणून पुढच्या गव्हाला युरिया कमी करावा का?

उत्तर : फारसा नको. सोयाबीन लागणाऱ्या नत्रापैकी साधारण निम्मं ते साठ टक्के हवेतून घेतं आणि बरंचसं दाण्यात भरून मळणीला पाठवतं. भुसा रानाबाहेर गेला तर जमिनीच्या खात्यात जवळपास काही उरत नाही, कधी वजाच होतं. भुसा रानातच पसरला आणि पानगळ चांगली झाली असेल तर थोडी सूट घ्या. तूर आणि मुगाची गोष्ट वेगळी आहे. तुरीची पानं उभ्या पिकातच गळतात, आणि मुगाच्या शेंगा तोडून झाड हिरवं असतानाच गाडता येतं. मूग गाडल्यावर ते कुजायला दोन आठवडे द्या आणि मग पेरा.